कुत्रा, कर्णा आणि आपले कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आजोबांच्या वेळच्या दीडशे-दोनशे रेकॉर्डी, एक मिरजेचा तानपुरा आणि एक गावठी कुत्रा असला, की येणारा पाहुणा चहा होईपर्यंत निदान दोन प्रश्न तरी विचारतोच. अशा प्रश्नांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विज्ञान, गाण्याचा धंदा आणि पाळीव प्राणी हे तीन निराळे विषय वाटतील. परंतु ध्वनिमुद्रणाचे सगळे तंत्र माणसाच्या कानाच्या मापाने बेतलेले आहे आणि घरात त्या मापात न बसणारे कानही वावरत असतात, हे ध्यानात घेतले की त्यांतले बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात.

रेकॉर्डच्या लेबलावर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा खरा होता का?

होता. त्याचे नाव निपर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटरीला तो हलकेच चावे, म्हणून इंग्रजीत त्याला हे नाव पडले. तो १८८४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जन्मला. त्याचा पहिला मालक मार्क बॅरॉड १८८७ मध्ये वारला आणि कुत्रा त्याच्या भावाकडे, म्हणजे फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडे आला. निपर १८९५ मध्ये मेला. जगप्रसिद्ध झालेले ते चित्र फ्रान्सिसने त्यानंतर तीनेक वर्षांनी, आठवणीतून रंगवले. त्यामुळे चित्रासाठी कुत्रा कर्ण्यापुढे बसवला होता ही समजूत खरी नाही.

मूळ चित्रात कुत्र्यासमोर ग्रामोफोन नव्हता, नळकांड्यावर आवाज उमटवणारा फोनोग्राफ होता. बॅरॉडने चित्र आधी फोनोग्राफवाल्या कंपनीला देऊ केले, तेव्हा ‘कुत्री फोनोग्राफ ऐकत नाहीत’ असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. पुढे चित्रातला काळा कर्णा बदलून पितळी काढावा म्हणून तो नमुन्याचा कर्णा मागायला लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथल्या व्यवस्थापकाने चित्र विकत घेण्याची तयारी दाखवली. अट एकच, फोनोग्राफ खोडून त्या जागी आमचे यंत्र काढायचे. १८९९ मध्ये व्यवहार झाला: चित्राचे ५० पौंड आणि त्याच्या हक्कांचे ५० पौंड. मूळ चित्राकडे विशिष्ट कोनातून पाहिले तर वरच्या रंगाखाली जुन्या यंत्राचा आकार अजूनही जाणवतो.

या बदलात एक गंमत होऊन बसली आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज मुद्रित करता येत असे, त्यामुळे दिवंगत मालकाचा आवाज त्याच्या कुत्र्याने ऐकावा ही कल्पना निदान यंत्राच्या दृष्टीने शक्य होती. ग्रामोफोनवर मात्र कंपनीने छापलेली तबकडी फक्त वाजवता येते. म्हणजे यंत्र बदलल्यावर निपरचा मालक एक तर व्यावसायिक गायक असला पाहिजे, नाही तर निपर बिचारा भलत्याच कोणाचे गाणे ऐकत बसला असला पाहिजे. धंद्याला या तर्काशी कर्तव्य नव्हते, आणि चित्राचा गोडवाही त्यामुळे कमी होत नाही.

मग कुत्रा यंत्रातून आलेला मालकाचा आवाज ओळखतो की नाही?

ओळखतो, पण यंत्र बरे असावे लागते. जपानमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना आधी मालकाचा मुद्रित आवाज ऐकवून नंतर पडद्यावर एक चेहरा दाखवला गेला. आवाज मालकाचा आणि चेहरा परक्याचा असला की कुत्री त्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहत. अपेक्षा एकाची होती आणि समोर दुसराच आला, असा त्याचा अर्थ लावला जातो. मांजरांवरचा असाच एक जपानी प्रयोग २०१३ चा आहे. त्यात परक्या माणसांच्या हाका ऐकवल्यानंतर मालकाची हाक ऐकवली, तेव्हा मांजरांनी कान वळवले, माना हलवल्या, आणि जागची उठली मात्र नाहीत. मांजर पाळणाऱ्यास या निष्कर्षासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

निपरच्या काळच्या यंत्राबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण येईपर्यंत गायकाला थेट कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या हवेच्या धक्क्यानेच सुई हले आणि मेणावर खाच पडे. या पद्धतीत दोन-अडीच हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, वरचे फारसे काही टिपले जात नसे. माणसाचा कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांची धार बरीचशी चार हजारांच्या पुढेच असते. तरीही जुन्या रेकॉर्डवरचे शब्द आपण ओळखतो, कारण भाषा ठाऊक असल्यामुळे गाळलेल्या जागा आपला मेंदू भरतो. कुत्र्याला ती सोय नाही.

आवाज ऐकताना कुत्रा मान तिरकी का करतो?

निपरची ती ऐट कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. आवाज नेमका कुठून आला हे ठरवण्यासाठी मान वाकडी होते, हे जुने स्पष्टीकरण चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. हंगेरीतील संशोधकांनी २०२१ मध्ये खेळण्यांची नावे पाठ असलेल्या मोजक्या हुशार कुत्र्यांची तुलना साध्या कुत्र्यांशी केली. खेळण्याचे नाव घेऊन ‘आण’ म्हटल्यावर हुशार कुत्र्यांनी ४३ टक्के वेळा मान तिरकी केली, तर इतरांनी केवळ २ टक्के वेळा. ओळखीचा शब्द स्मृतीतून शोधताना लक्ष एकवटण्याशी या हालचालीचा संबंध असावा, असे दिसते. आमचा कुत्रा फ्रिज उघडल्यावर मान तिरकी करतो. त्याच्या स्मृतीत काय साठवले आहे ते त्यावरून कळते.

आपण सीडी किंवा मोबाइलवर ऐकतो तेच गाणे कुत्र्या-मांजरांना ऐकू येते का?

नाही, आणि या सगळ्या प्रश्नांत हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला सुमारे ६४,००० पर्यंतचे. उंदीर आणि घुशी एकमेकांशी ज्या अतिसूक्ष्म चीत्कारांत बोलतात ते या पट्ट्यात पडतात, म्हणून आपल्याला शांत वाटणाऱ्या माळ्याकडे मांजर तासभर टक लावून बसते. कुत्र्याला ऐकू येणारी पण माणसाला न येणारी ‘मुकी शिट्टी’ म्हणून जी वस्तू मिळते तीही याच तत्त्वावर चालते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७६ च्या सुमारास ती तयार केली होती.

सीडीवर एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापे घेतली जातात. नियम असा, की जेवढी मापे घ्यावीत त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पुन्हा उभा करता येतो, म्हणजे इथे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंत. माणसाला त्यापुढचे ऐकू येत नाही, तेव्हा ते ठेवण्याचे कारण नव्हते. एमपीथ्री त्याही पुढे जाते. एक मोठा स्वर वाजत असताना त्याच्या जवळपासचा लहान स्वर माणसाला ऐकू येत नाही, मग तो साठवायचाच कशाला, असा हिशेब करून ती फाइल लहान केली जाते. हा हिशेब माणसाच्या कानांवर केलेल्या चाचण्यांवर बेतलेला आहे. कुत्र्याच्या कानासाठी अशी फाइल कोणी कधी बनवली नाही. आपण डोळे मिटून दाद देतो ते गाणे त्याला वरचा मजला पाडलेल्या घरासारखे लागत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

मुद्रित केलेला स्वतःचा आवाज ऐकून ओशाळल्यासारखे का होते?

बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो: हवेतून कानात, आणि कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानात. हाडांच्या वाटेने खालचे स्वर अधिक चांगले जातात, त्यामुळे स्वतःला आपला आवाज भारदस्त वाटतो. मुद्रणात दुसरी वाट नसते. कुटुंबाने जन्मभर ऐकलेला आवाज तोच असतो, हे पचवायला थोडा वेळ लागतो.

पेटी किंवा शंख वाजला की कुत्रा गळा का काढतो? त्याला त्रास होतो का?

बहुतेक वेळा त्रास नसतो. लांडगे दूर पांगलेल्या साथीदारांशी संपर्क ठेवण्यासाठी लांब, एकसलग स्वर काढतात आणि एकाने काढला की दुसरे साथ देतात. पेटीचा भाता भरून धरलेला षड्ज, आरतीचा शंख, सनई, रुग्णवाहिकेचा भोंगा हे सगळे त्याच जातीचे लांबट स्वर आहेत. तबला किंवा टाळ्या ऐकून कुत्रा सहसा असा ओरडत नाही. कळप जेव्हा एकत्र गळा काढतो तेव्हा लांडगे एकच स्वर धरत नाहीत, प्रत्येक जण वेगळा स्वर लावतो. घरातला कुत्रा आपल्या षड्जाशी मिळवून घेत नाही त्याचे कारण बेसूरपणा नसून कदाचित हे घराणेच असावे.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणींत टिपू नावाच्या कुत्र्याचा उल्लेख आवर्जून येतो. खाँसाहेबांनी त्याला स्वर लावायला शिकवले होते आणि लोकांपुढेही आणले होते असे सांगतात. मिरजेत राहिलेल्या, ज्यांच्या स्वराच्या शुद्धतेवर पिढ्यान्पिढ्या लिहिले गेले अशा गवयाने कुत्र्याला तालीम द्यावी, यात विनोद होता की जिज्ञासा, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते.

ओरडताना कुत्रा खोलीबाहेर पळत असेल, कान मागे पाडत असेल, धापा टाकत असेल तर मात्र तो आनंदात नाही. पेटी बंद करावी किंवा त्याला दुसऱ्या खोलीत जाऊ द्यावे.

तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा का सरकवतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी तोंडी उत्तर देत नाही, तानपुरा समोर ठेवतो. दोरा काढून तार छेडली की ‘टण्’ असा कोरडा आवाज येतो आणि विरतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवत जायचे. एका जागी तीच तार अचानक फुलते, तिच्यातून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव सुटतो. दोरा आणखी केसभर पुढे गेला की तो पुन्हा मिटतो. या खुललेल्या आवाजाला जवारी लागणे म्हणतात.

घोडीची वरची बाजू सपाट नसून तिला अगदी मंद उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर सतत टेकत आणि उठत राहते, आणि धागा या टेकण्याची जागा बारकाईने ठरवतो. परिणामी तारेची शक्ती मूळ स्वरातून वरच्या उपस्वरांत, म्हणजे मूळ स्वराबरोबरच उमटणाऱ्या चढ्या स्वरांत, वाटली जाते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या वाद्याचा अभ्यास करून १९२१ मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली. साध्या तारेचा नियम असा, की जिथे ती छेडावी त्या बिंदूशी ज्या उपस्वराची स्थिर जागा येते तो उपस्वर उमटू नये. तानपुऱ्यात मात्र तो ठणठणीत उमटतो. नोबेल मिळायला अजून ९ वर्षे होती, आणि प्रकाशाइतकाच त्यांचा जीव नादात गुंतलेला होता.

गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तोही याच उपस्वरांतला आहे. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर मूळ षड्जाच्या दोन सप्तके वरच्या गंधारावर येतो. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते, तरी जवारी चोख असेल तर तो कानाशी येऊन उभा राहतो. पहिल्यांदा ऐकू येईपर्यंत ही थाप वाटते.

मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे मुख्यतः पंढरपूर परिसरातून येतात. तो भाजीचा भोपळा नव्हे, जाड सालीचा, वाळवून पोकळ केलेला भोपळा असतो. जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो आणि थांबून ऐकतो. त्या कामाचे माप कोणत्याही पट्टीवर नाही, आणि म्हणूनच चांगली जवारी काढणाऱ्याकडे वाद्य आठ-आठ दिवस पडून राहिले तरी कुरकुर करण्यात अर्थ नसतो.

तबल्याची शाई काय करते?

साध्या चामड्याच्या वाद्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी मिळत नाहीत, म्हणून ढोल वाजतो पण सुरात लावता येत नाही. तबल्याच्या मध्यावर थरावर थर देऊन बसवलेल्या शाईच्या वजनाने ते उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येऊन बसतात. हेही रामन यांनीच १९२० मध्ये दाखवून दिले.

जुन्या रेकॉर्डच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत का सांगते?

गौहर जान यांचे मुद्रण ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात केले. त्या काळी भारतात तबकड्या छापण्याची सोय नव्हती. मेणाचे साचे जहाजाने जर्मनीतील हॅनोवरला जात आणि तिथे छापून परत येत. हॅनोवरच्या कारखान्यात बसलेल्या माणसाला खयाल कोणता, ठुमरी कोणती आणि गाणारे कोण हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून गाणे संपताच ‘माय नेम इज गौहर जान’ असे सांगण्याची पद्धत पडली. म्हणजे तो नखरा नव्हता, पार्सलावरची चिठ्ठी होती. पुढे कलकत्त्यातच कारखाना निघाला तरी ही सवय काही काळ टिकली, कारण तोवर श्रोत्यांना ती आवडू लागली होती.

गाणी तीन मिनिटांचीच का असतात?

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर सव्वातीन मिनिटे मावत. तास-दीड तास खयाल मांडणाऱ्या गवयांना त्या वेळात अस्थाई, अंतरा, दोन ताना आणि शेवटची तिहाई बसवावी लागे. अनेकांनी यास नाक मुरडले, काहींनी या कोंडीतून दागिना घडवला. मराठी रंगभूमीवरच्या पदांना ही चौकट इतकी मानवली, की एकाच पदाला सात-आठ वेळा ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या नटांची पदेही घराघरांत तीन मिनिटांची म्हणूनच पोचली.

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आल्यावर बंधन गेले, लांबी मात्र राहिली. आता तिच्यावर निराळा दाब आहे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणे ३० सेकंद वाजल्याखेरीज ते ऐकले असे मोजत नाहीत आणि त्याचा पैसाही होत नाही. त्यामुळे सुरुवातीचे वाद्यसंगीत आखडले आणि मुखडा पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला लागला.

मांजर घुरघुरते ते नेमके कशाने?

घुरघुरीची कंपनसंख्या साधारण २५ ते ३० हर्ट्झ असते, म्हणजे खर्जाच्याही कितीतरी खाली. एवढ्याशा प्राण्याच्या गळ्यातून एवढा खोल स्वर कसा निघतो हे बराच काळ कोडे होते. मेंदू सेकंदाला वीस-तीस वेळा गळ्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतो, असे मानले जाई. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या मांजरांच्या स्वरयंत्रांतून गरम, दमट हवा सोडून पाहिली. मेंदूची कोणतीही आज्ञा नसताना त्यांतून घुरघुरीच्याच पट्टीतले स्वर निघाले. स्वरतंतूंमध्ये असलेल्या गाद्यांमुळे तंतू जड होतात आणि सावकाश कंप पावतात. वजन घालून स्वर उतरवण्याची ही युक्ती तबलजीला ठाऊक आहे.

घुरघुर म्हणजे समाधानच, असे मात्र समजू नये. दुखावलेले, आजारी, प्रसूत होणारे मांजरही घुरघुरते. खाणे मागताना काही मांजरे घुरघुरीत एक चढा, रडवा स्वर मिसळतात. तो तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळ जातो आणि मांजर न पाळणाऱ्या माणसालाही त्यातली निकड कळते, असे इंग्लंडमधील एका अभ्यासात २००९ मध्ये आढळले. न खाणारे, लपून बसणारे मांजर घुरघुरत असले तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

बाहेर जाताना कुत्र्यासाठी गाणी लावून ठेवावीत का?

लावल्यास हरकत नाही, परंतु आवाज बारीक ठेवावा आणि रोज एकच यादी लावू नये. प्राणी-निवाऱ्यांतील कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत शांत अभिजात पाश्चात्त्य संगीताने कुत्री अधिक विसावली आणि हेवी मेटलने अधिक भुंकली. स्कॉटलंडमध्ये २०१७ च्या अभ्यासात सॉफ्ट रॉक आणि रेगे यांचाही चांगला परिणाम दिसला. संगीत तेच राहिले की कुत्री सरावतात आणि परिणाम ओसरतो. आपल्या रागांवर कोणी असा प्रयोग केला तर कोमल ऋषभाचे काय होते ते पाहायला मला आवडेल. मांजरांसाठी तर त्यांच्याच आवाजाच्या पट्टीत आणि घुरघुरीच्या लयीत मुद्दाम संगीत रचले गेले, आणि २०१५ च्या प्रयोगात मांजरांनी माणसांच्या संगीतापेक्षा त्या स्पीकरला अंग घासणे पसंत केले.

दिवाळीत कुत्रा पलंगाखालून निघत नाही. काय करावे?

पहिली गोष्ट, त्याला ओढून बाहेर काढू नये. आत कोंदट, अंधारी, एका बाजूने बंद अशी जागा त्याने निवडली आहे, कारण ती खरोखर बरी आहे. खिडक्या लावाव्यात, पडदे ओढावेत, पंखा किंवा एकसुरी आवाज चालू ठेवावा, सायंकाळचे फिरणे फटाके सुरू होण्याआधी उरकावे आणि गळ्यात पट्टा व ओळखपट्टी असू द्यावी. घाबरून पळालेली कुत्री अशा रात्रींच हरवतात. जवळ बसून थोपटल्याने भीतीला खतपाणी मिळते, ही समजूत सोडून द्यावी. माणसांची झोपेची गोळी मात्र कदापि देऊ नये. भीती फार असेल तर दिवाळीच्या बऱ्याच आधी पशुवैद्यांशी बोलावे. यासाठी खास औषधे आहेत.

फटाक्यांच्या मुद्रित आवाजाची आधीपासून हळूहळू सवय करण्याचा सल्ला दिला जातो आणि तो चांगला आहे. अडचण एवढीच, की मोबाइलच्या स्पीकरमधून सुतळी बाँबचा छातीत बसणारा खालचा दणका येत नाही आणि कुत्र्याला ऐकू येणारा वरचा कडाकाही येत नाही. शक्य तर मोठा स्पीकर वापरावा, सुरुवातीला आवाज अगदी नावापुरता ठेवावा, आणि कुत्रा निवांत खात असेल तरच तो वाढवावा.

कायद्याने फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणारा फटाका बनवता वा विकता येत नाही, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पक्की केली. डेसिबलचे माप फसवे असते: दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ४५ आणि १२५ यांच्यामध्ये ८० डेसिबल, म्हणजे शक्ती १० कोटी पट.

लग्नात गाणी वाजवायला परवाना लागतो का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधी आणि सरकारी समारंभ यांना सूट आहे, आणि धार्मिक विधीत लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळेही येतात असे स्पष्टीकरण तिथेच दिले आहे. त्यामुळे वऱ्हाड बँडमागे नाचत असताना परवाना मागायला कोणी येऊ नये. वाद होतो तो पंचतारांकित हॉटेलातल्या, कंपनीकडून करवून घेतलेल्या संगीत-संध्येसारख्या कार्यक्रमांवरून. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये एका परिपत्रकाद्वारे लग्नसोहळ्यांसाठी स्वामित्वशुल्क मागण्यास हॉटेलांना आणि संस्थांना मज्जाव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले. कायद्यातली सूट तशीच आहे, पण कोणता सोहळा तिच्यात बसतो हे प्रकरणागणिक ठरते.

पावती कोणाची, हाही गोंधळ असतो. शब्द आणि चाल यांचे हक्क एका संस्थेकडे, मुद्रणाचे दुसरीकडे, गायकांचे तिसरीकडे. २०१२ च्या दुरुस्तीपासून गीतकार आणि संगीतकार यांचा, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून होणाऱ्या वापराच्या उत्पन्नातला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर बराच पाठपुरावा केला. त्याआधी एकरकमी पैसे घेऊन सर्व हक्क देऊन टाकणे हीच रीत होती, आणि ज्या चालींवर कंपन्या पन्नास वर्षे जगल्या त्यांचे कर्ते त्यातून बाहेरच राहिले.

आजोबांच्या रेकॉर्डी मी इंटरनेटवर टाकू शकतो का?

दोन हिशेब वेगवेगळे करावे लागतात. मुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असतो. १९५० ची रेकॉर्ड २०१० अखेर मोकळी झाली. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. ‘मानापमान’चे उदाहरण घ्यावे. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची, ते १९४८ मध्ये वारले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले. म्हणजे शब्द २००८ अखेर आणि चाली २०१५ अखेर सर्वांच्या झाल्या. त्यांची १९५० पूर्वीची तबकडी निर्धास्त टाकावी. तरीही संकेतस्थळाची यंत्रणा कोण्या कंपनीच्या नावे हक्क सांगू शकते, कारण त्याच मुद्रणाची नवी प्रत कोणीतरी नोंदवून ठेवलेली असते. तबकडीच्या लेबलाचे आणि क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे, हरकत घेताना ते उपयोगी पडते. माझी एक हरकत मान्य व्हायला पाच आठवडे लागले.

घरातला पोपट गाणे शिकतो, मग कुत्रा ताल का धरत नाही?

आधी कायद्याचे: आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग तो कितीही ‘विठू विठू’ म्हणो.

ऐकलेला आवाज स्वतःच्या गळ्यातून काढण्याची क्षमता ज्यांच्यात असते त्यांनाच ठेका पकडता येतो, असा एक तर्क आहे, कारण दोन्हींसाठी ऐकणे आणि हालचाल यांची मेंदूत घट्ट सांगड लागते. अमेरिकेतील स्नोबॉल नावाच्या काकाकुव्यावर २००९ मध्ये प्रयोग झाला. गाण्याची लय वाढवली-कमी केली तशी त्याने आपली डोलण्याची गतीही बदलली. कुत्र्याला ही सांगड निसर्गाने दिलेली नाही. आमच्याकडे तबल्याचा रियाज चालू असताना कुत्र्याची शेपटी जमिनीवर आपटत असते आणि पाहुणे त्याचे कौतुक करतात. मी एकदा मोजून पाहिले. ती त्रितालात नव्हती, कोणत्याच तालात नव्हती. स्वयंपाकघरातून चपातीचा वास आला की मात्र लय दुप्पट होत होती.